मांडव, गावजेवण आणि नोंदवही : झाडीपट्टीतील लग्नाबद्दल दोन मते

वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही हे धानाचे तालुके; पलीकडे वडसा, आरमोरी, कुरखेडा, धानोरा. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी सोयरिकीचे जाळे नदी ओलांडून पूर्वीसारखेच पसरलेले आहे. या झाडीपट्टीत लग्नाच्या अनेक रीती शेजारी-शेजारी चालतात. कुणबी, तेली, माळी घरांत साक्षगंध, हळद आणि मांडव. बौद्ध घरांत त्रिशरण-पंचशीलाचा साधा विधी. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर आणि पाठोपाठ चंद्रपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर तो इथे रुजला. गोंड आणि माडिया समाजात मोठ्या थाटाची लग्नेही होतात, आणि आधी संसार, मग ऐपत आली की गावजेवण, असेही घडते. या शेवटच्या प्रकारामुळे एक प्रश्न उभा राहतो: लग्न झाले असे नेमके केव्हा म्हणायचे, आणि ते ठरवायचे कोणी?

या प्रश्नावर दोन मते ऐकू येतात. एक मत रूढीला पुरेसे मानते. दुसरे म्हणते की कागदावर न आलेल्या लग्नाची किंमत शेवटी बाईलाच मोजावी लागते. पुढे पहिले मत समाजशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या तोंडी आणि दुसरे तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या एका स्त्रीच्या तोंडी घातले आहे.

कोणाशी लग्न करायचे याआधी कोणाशी करायचे नाही, हे ठरलेले असते. गोंडांत कुळांची विभागणी देवांच्या संख्येवर आहे: चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. समान देवसंख्येची कुळे एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. वेगळ्या देवसंख्येची कुळे म्हणजे सगा, सोयरिकीला मोकळी. आदिलाबादच्या राजगोंडांवर फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ही रचना तपशिलाने आली आहे. भाऊ-बहिणीच्या मुलांची लग्ने गोंडांत पूर्वीपासून पसंतीची. एका पिढीत मुलगी दिली, तर पुढच्या पिढीत तिकडून मुलगी यावी, या व्यवहाराला रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात ‘दूध लौटाना’ असे नाव आढळते. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतीय आप्तसंबंधांची मांडणी करताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हटले. उत्तरेत मामेबहीण ही बहीणच. दक्षिणेत ती पहिली नवरी. मराठी कुणबी घरांत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी टाळतात. झाडीपट्टीत हे दोन्ही रिवाज एकाच गावात सापडतात.

प्राध्यापक : या रचनेत मुलगी परक्या घरात जात नाही, ती मामाच्या किंवा आत्याच्या घरी जाते. सासूला ती लहानपणापासून ओळखते. गोंडांत देज मुलाकडून मुलीकडे जाते, हुंड्याच्या उलट. तिच्या हातांच्या कामाची ती कबुली आहे. मुलगी जन्मली म्हणून कपाळावर हात मारून घेणारा बाप तुम्हाला तिकडे क्वचितच भेटेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. चंद्रपुरात ९६१, गडचिरोलीत ९८२.

वकील : सर, आकडे खरे आहेत, पण त्याचे सगळे श्रेय देजेला देता येणार नाही. सोनोग्राफी केंद्रे लांब असणे, पैसा नसणे, बाईचा मजुरीत वाटा असणे, हेही त्यात आहे. आणि नात्यातल्या लग्नाची दुसरी बाजू दवाखान्यात दिसते. सिकलसेल याच पट्ट्यात किती घरांत आहे! दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. त्याच-त्याच घरांत सोयरीक फिरत राहिली, तर असे जोडपे जुळण्याचा धोका वाढतो.

प्राध्यापक : म्हणून सोयरीक बंद करायची?

वकील : नाही. सोयरिकीआधी रक्त तपासायचे. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, तपासणीचे कार्ड मिळते. साक्षगंधाला दोन्ही घरांनी ते कार्ड एकमेकांना दाखवायचे. देव मोजतो तसे हेही पाहायचे.

या मुद्द्यावर दोघांत वाद राहत नाही. देवसंख्या लक्षात ठेवणाऱ्या समाजाला आणखी एक पथ्य पाळणे जड नाही. कार्ड दाखवणे म्हणजे मुलीत खोट शोधणे, असा अर्थ मात्र लागता कामा नये, आणि ही भीती खरी आहे. तपासणी दोघांची असते; दोष मात्र नवरीच्या पदरात टाकला जातो.

सोयरीक जुळते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. धान कापून झालेले असते, हातात थोडे पैसे असतात, आणि रात्री नाटक असते. त्या नाटक कंपन्यांचे ठाणे म्हणजे वडसा. मंडईला लेकी माहेरी येतात, पाहुणे मुक्कामाला राहतात. दिवसा मुलगी चहाचे ताट घेऊन येते, रात्री दोन्ही घरची माणसे नाटकाला एकत्र बसतात, आणि पहाटेपर्यंत बोलणी अर्धी झालेली असतात. लग्नाच्या तारखा उन्हाळ्यात, तेंदूपानाच्या हंगामाच्या आगेमागे धरल्या जातात, कारण रोवणीच्या दिवसांत मांडव घालायला कोणालाच सवड नसते.

प्राध्यापक : जपानचे उदाहरण घ्या, मॅडम. तिथे मध्यस्थाने दोन घरांची गाठ घालून देण्याची मिआई नावाची रीत होती. १९३० च्या दशकात दहातली सात लग्ने तशी जुळत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रेमविवाह पुढे गेले आणि मिआई मागे पडली. आज काय स्थिती आहे? २०२० मध्ये पन्नाशीपर्यंत कधीच लग्न न झालेले पुरुष २८ टक्क्यांच्या वर होते, स्त्रिया जवळजवळ १८ टक्के. २०२४ मध्ये टोकियोच्या शासनाला लग्न जुळवण्याचे ॲप काढावे लागले. आमच्या मंडईचे काम तिथे सरकारच्या अंगावर आले.

वकील : जपानी बाई लग्न का टाळते, हेही सांगा ना सर. नोकरीत तासांना अंत नाही, घरकाम तिच्याच वाट्याला, मूल झाले की नोकरी जाण्याची धास्ती. मध्यस्थ गेला म्हणून लग्ने थांबली नाहीत. अटी बदलल्या नाहीत म्हणून थांबली. आपल्याकडच्या शिकलेल्या पोरीही आता तेच विचारू लागल्या आहेत.

वकिलांचा हा मुद्दा ब्रह्मपुरीत डोळ्यांना दिसतो. नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे हे गाव नदीपलीकडच्या मुलामुलींचे शिक्षणाचे ठाणे झाले आहे. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आल्यावर पदवी आणखी जवळ आली. वसतिगृहात राहून शिकलेली मुलगी दोन एकर धानाच्या घरात जायला लगेच तयार होत नाही. तिला नोकरीवाला हवा असतो, निदान शहरात खोली असलेला. त्यामुळे शेतकऱ्यांची मुले तिशी ओलांडून बसलेली दिसतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंग बांधून मोर्चा काढला, तो याच दुखण्याचा. जपानच्या खेड्यांनी हे चाळीस वर्षांपूर्वी अनुभवले: यामागाता प्रांतातील आसाही गावाच्या प्रशासनाने १९८५ मध्ये शेतकऱ्यांसाठी फिलिपिन्समधून नवऱ्या आणण्याची सोय केली होती.

तरी दोन्हीकडचे दुखणे एका मापाने मोजता येत नाही. जपानमध्ये २०२० साली दर शंभरातली ३८ घरे एका माणसाची होती, आणि २०२४ मध्ये जननदर १.१५ वर आला. झाडीपट्टीत एकटे घर अजून अपवादच; इथे घर फुटते ते स्थलांतराने. भात झाला की जोडपी मिरची तोडायला तेलंगणात जातात, दोन-दोन महिने तिकडेच राहतात. मागे म्हातारी, नातवंडे आणि शाळा. संयुक्त कुटुंब इथे टिकले आहे असे म्हणताना हा भार आजीच्या पाठीवर आहे, हे विसरता येत नाही. जपानमध्येही सासू-सासऱ्यांची सेवा थोरल्या सुनेच्या गळ्यात होती. २००० मध्ये वृद्धसेवेचा विमा आल्यावर तो भार थोडा हलका झाला. भारतात २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा मुलाकडून पैसे मागण्याचा हक्क देतो. मजुरीला गेलेल्या मुलाकडे द्यायला फारसे नसते, ही अडचण तो सोडवत नाही.

आता मूळ प्रश्न. गोंड-माडिया गावांत मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत करतात, मुलगी मुलाच्या घरी राहायला येते, घरचे मान्य करतात, गावाला माहीत असते. विधी राहून जातो, कारण विधी म्हणजे गावजेवण: भात, मटण, मोहाची दारू, पाहुण्यांची दोन दिवसांची सरबराई. तेवढे जमले नाही तर वर्षे जातात. दुसरी वाट सेवेची: मुलगा मुलीच्या बापाच्या शेतात ठरलेली वर्षे राबतो आणि देजेची फेड श्रमाने करतो. रसेल-हिरालाल त्याला लमसेना म्हणतात. मुलगा नसलेल्या घरात तोच पुढे घरजावई होऊन राहतो. जपानी व्यापारी घराण्यांनीही जावयाला दत्तक घेऊन घराचे आडनाव देण्याची रीत शतकानुशतके चालवली; घर चालावे म्हणून पुरुषाने घर बदलावे, ही कल्पना दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे उगवली.

गेल्या काही वर्षांत स्वयंसेवी संस्था आणि गडचिरोली पोलीस दलाने अशा जोडप्यांचे सामूहिक विवाह सोहळे भरवले. आत्मसमर्पण केलेली माओवादी जोडपीही त्यांत होती. दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, लग्नाला परवानगी असे, मुलाला नसे. पुरुषाची नसबंदी आधी होई. त्यांच्या दृष्टीने हा सोहळा म्हणजे हिरावलेल्या संसाराची सुरुवात. इतर अनेक जोडपी मात्र कडेवर मुले घेऊन बोहल्यावर उभी राहतात.

प्राध्यापक : मला खटकते ते इथे. दहा वर्षे संसार केलेल्या माणसांना आपण सांगतो की तुमचे लग्न झालेच नव्हते, आता आम्ही लावून देतो. गावाने त्यांना नवरा-बायको मानले, मुलांना कुळ दिले, देव दिला. मग मंगलाष्टकांची गरज कोणाला आहे? मंचावरच्या पाहुण्यांना. सासर पटले नाही तर ती बाई निघून जाऊ शकत होती, दुसरा संसार मांडू शकत होती. देज परत झाली की विषय संपला. उच्च जातींच्या विधवांना हे स्वातंत्र्य मिळायला किती चळवळी कराव्या लागल्या! कुणबी-तेल्यांतही विधवेचा पाट लागत होता. आता प्रतिष्ठेच्या नावाखाली तो कमी झाला.

वकील : पाटाबद्दल तुम्ही म्हणता ते खरे, सर. सोहळ्यात जेवण आणि भांड्यांचा संच मिळतो म्हणून त्यांना कमी लेखू नका; कर्जाशिवाय गावजेवण होते, ही मोठी सोय आहे. पण मी सोहळ्याची बाजू मांडत नाही, नोंदीची मांडते. ब्रह्मपुरी वनविभागात मोह वेचायला गेलेला माणूस वाघाने मारला, तर भरपाई वारसाला मिळते. मग वारस कोण? रेशनकार्डावर तिचे नाव सासऱ्याच्या खाली ‘सून’ म्हणून असेल तर ठीक. नसेल तर ती धावत माझ्याकडे येते, आणि दीर म्हणतो, हिचे लग्न कुठे झाले होते? त्या दिवशी गावाची मान्यता कुठे जाते?

प्राध्यापक : गाव साक्ष देईल.

वकील : गाव दिराच्या घरीही जेवते, सर.

इथे कायद्याची स्थिती सांगणे आवश्यक आहे, कारण ती बरीच गुंतागुंतीची आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचे कलम २(२) सांगते की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही तसेच कलम आहे. म्हणजे गोंडांचे लग्न, फारकत आणि वारसा रूढीने ठरतो. ज्यांना हा कायदा लागू आहे, त्यांनाही कलम ७ रूढीचा विधी मान्य करते, आणि कलम २९(२) रूढीची काडीमोड जपते. पण विधी सिद्ध करावा लागतो. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ च्या खटल्यात गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केल्याचा आरोप होता. आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते लग्न कायद्याच्या अर्थाने लागलेच नाही असे मानले, आणि द्विभार्येच्या गुन्ह्यातून आरोपी सुटले. संसार सर्वांनी पाहिला होता. तरी विधीचा पुरावा नव्हता. विधीवर सगळा भर दिला की त्याचा फायदा फसवणाऱ्याला होतो, हे या निकालाने दाखवले.

पुढचे कायदे थोडे मऊ आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा विवाहसदृश संबंधातील स्त्रीलाही संरक्षण देतो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पोटगीसाठी ‘पत्नी’ या संज्ञेचा अर्थ व्यापक घ्यावा असे मत दिले. ते प्रकरण विधवेने दिराशी रूढीने मांडलेल्या संसाराचे होते. नोंदणीचा राज्याचा कायदा १९९८ चा. खेड्यात ग्रामसेवक निबंधक असतो. पण त्या अर्जात लग्नाची तारीख, ठिकाण, लग्न लावणाऱ्याची सही आणि साक्षीदार लागतात. ज्यांच्या लग्नाला तारीखच नाही, त्यांचे काय?

वकील : म्हणून मी जपानचा कायदा वाचायला सांगते. तिथे विधीला कायद्यात जागाच नाही. दोघांच्या आणि दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्यांचा कागद नगरपालिकेत दिला की लग्न झाले. जेवण करा, नका करू. मंदिरात जा, चर्चमध्ये जा, कुठेच जाऊ नका.

प्राध्यापक : आणि त्याच कागदावर दोघांपैकी एकाला आडनाव सोडावे लागते. शंभरात पंचाण्णव वेळा बायकोच सोडते. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती कायम ठेवली. लग्नाबाहेर जन्मणारी मुले तिथे शंभरात दोन-तीन, कारण कागद नसेल तर मूल नको, इतका धाक. आपल्या मुलांच्या डोक्यावर असा धाक नाही. तुमची वही आली की तो येईल.

प्राध्यापकांची ही भीती दुर्लक्षण्याजोगी नाही. उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या समान नागरी संहितेत एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनाही नोंदणीची सक्ती आहे. अनुसूचित जमातींना मात्र तिच्यातून वगळले आहे. नोंद हक्क म्हणून मागणे वेगळे आणि नजर ठेवण्यासाठी लादणे वेगळे, आणि वहीचा उपयोग कशासाठी होईल हे वही ठेवणाऱ्यावर अवलंबून असते.

तरीही जमिनीचा प्रश्न आला की रूढीची बाजू लंगडी पडते. गोंड रूढीत मुलीला शेतात वाटा सहसा मिळत नाही. लग्नानंतर ती नवऱ्याच्या कुळाची, विधवा झाली तर पोटापुरते. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. खालच्या न्यायालयांनी ‘मुलीला वाटा मिळतो अशी रूढी दाखवा’ असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले: मुलीला वगळणारी रूढी असेल तर ती सिद्ध करायला हवी. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे कलम ४(४) विवाहितांच्या बाबतीत वनजमिनीचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायला सांगते. शेताच्या सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या न चढलेले बाईचे नाव वनपट्ट्यावर आले, ही या भागातील कुटुंबव्यवस्थेतली खूप मोठी गोष्ट आहे. तिची चर्चा सामूहिक विवाहांच्या फोटोंपेक्षा कितीतरी कमी होते, याचा खेद वाटतो.

प्राध्यापक : वनपट्ट्याचे मला मान्य. तिथे नाव चढवताना मंगलाष्टके झाली का, असे कोणी विचारले नाही. ग्रामसभेने सांगितले की हे दोघे नवरा-बायको, आणि ते चालले. मेंढा (लेखा) सारख्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तोही ग्रामसभेच्या बळावर. मग लग्नाची नोंदही ग्रामसभेनेच ठेवावी. विधीची तारीख विचारू नये. अमुक सालापासून एकत्र नांदतात, एवढे लिहावे.

वकील : चालेल. पण बाईने स्वतः येऊन सही किंवा अंगठा द्यावा, सासऱ्याने तिच्या वतीने नाही. नोंदीच्या वेळी ती अठरा आणि तो एकवीस पूर्ण असावा, आणि वयाचा कागद शाळेचा हवा. त्या नोंदीची प्रत ग्रामसेवकाने राज्याच्या नोंदवहीत चढवावी, नाहीतर तहसीलमध्ये तिला कोणी विचारणार नाही. आणि काडीमोड झाली तर तीही तिथेच लिहावी.

प्राध्यापक : काडीमोड नको. निघून आलेल्या बाईचे नाव वहीत चढले की सोयरीक बघायला येणारा आधी ती वहीच उघडेल. आज ती माहेरी येते, वर्षभराने दुसरीकडे जाते, गाव गप्प राहते. ही गप्प राहण्याची सोय तुमच्या कागदात नाही.

वकील : आणि तिच्या मागे नवऱ्याने दुसरी आणली, पहिलीची मुले कोणाची हे ठरवायची वेळ आली, तर? तिचे निघून जाणे कुठेच लिहिलेले नसेल, तर तिने घर सोडले की तिला हाकलले, हे दहा वर्षांनी कोण सांगणार?

या एका नोंदीवर दोन्ही मते जुळत नाहीत. लग्नाच्या नोंदीसाठी ग्रामसभेची वही, विधीऐवजी सहवासाचे वर्ष, स्त्रीची स्वतःची सही आणि वयाचा पुरावा इथपर्यंत दोघे येतात. फारकतीची नोंद करावी का, केली तर ती कोणाला पाहता यावी, आणि ती मागण्याचा अधिकार फक्त त्या स्त्रीलाच असावा का, हे ठरवायचे राहते.